‘आला नाहीत तर’ असा एक रकाना

यमुनाताई,

तुम्ही गेलात त्या सकाळी मी डाळ निवडत बसले होते. तुमच्या यजमानांचा, आमच्या सगळ्यांच्या भाऊंचा, फोन आला. “गेली पहाटे. त्रास नाय झाला,” एवढंच बोलले. मी फोन ठेवला. तेव्हा मला आधी काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. रडू नंतर आलं, भरपूर आलं, डाळ तशीच राहिली. पण आधी हायसं वाटलं, आणि त्याची मला लाजही वाटली नाही. तुम्ही सुटलात म्हणून तर वाटलंच, सहा महिने तुमचे जे हाल झाले ते मी पाहिले आहेत. पण खरं सांगते, मी सुटले म्हणूनही वाटलं. तुम्ही चारच दिवस आधी गेला असतात, तर ‘यमुनाताईंनी मला माफ केलं की नाही’ हा प्रश्न घेऊन मी जन्मभर हिंडले असते. असं कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तसंही भांडायला मला तुमच्याशिवाय कोण होतं?

नवीन पनवेलच्या त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आपला बालवाडी शिक्षिकांचा वर्ग. एक मोठी खोली, एक छोटी खोली, वर्षाला वीस-बावीस बायका आणि शिकवायला आपण दोघी. मी बालमानसशास्त्र शिकवायची, तुम्ही अध्यापन पद्धती आणि पाठ. पाठ म्हणजे त्या शिकाऊ बायकांनी खालच्या मजल्यावरच्या बालवाडीत खऱ्या मुलांसमोर घ्यायचे तास. मी जुन्या पनवेलची, एम.ए. झालेली, बोलायला फटकळ. तुम्ही खाडीकाठच्या गावातल्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. वर्गात तुम्ही अगदी पुस्तकी बोलायचात, मला ‘माधुरीबाई’ म्हणायचात. रागावलात की ‘मादुरी’ व्हायचं आणि मग ‘आमी’, ‘तुमी’, ‘नाय’, ‘हाय’ सगळं बाहेर यायचं. पहिल्याच आठवड्यात मी ‘मादुरी’ झाले होते.

कारण तो तुमचा कागद. जूनच्या पहिल्या दिवशी ओळख-पाळख व्हायच्या आधी तुम्ही प्रत्येकीच्या हातात एक लांबलचक झेरॉक्स ठेवायचात. कुठल्या आठवड्यात काय शिकवणार, कोणाचा पाठ कुठल्या वारी, घरून काय आणायचं, परीक्षेत कशाला किती वजन. आणि अगदी उजवीकडे एक रकाना, ‘आला नाहीत तर’. त्यात लिहिलेलं असायचं, वही कोणाकडून घ्यायची, बुडालेला पाठ कधी भरून काढायचा. मी तो रकाना वाचला आणि हसले. म्हटलं, “ताई, पहिल्याच दिवशी दांडीची सोय करून देताय की काय?” तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि पुढच्या बाईला कागद दिलात. तुमचं ते बघणं मला तेव्हा अजून कळत नव्हतं.

संस्थेने छापलेला अभ्यासक्रम होताच की आपल्याकडे, पिवळ्या पुठ्ठ्याचा. मग आणखी हा आराखडा कशाला, असं माझं म्हणणं. मी वर्गात जाते, मुलींचे चेहरे बघते, त्या दिवशी जे सुचेल, रंगेल ते शिकवते. शिकवणं असं रकान्यात मावतं का? तुम्ही म्हणालात, “अभ्यासक्रम काय सांगतो? उरणला जायचं हाय. एवढंच. यष्टी किती वाजता, कुठल्या फलाटावरून, वाटेत कुठं उतरून चालायचं, ते कोण सांगणार? तुला रस्ता ठाव हाय म्हणून तू रमत जाशील. नवीन बाई काय करंल?” मी म्हटलं, नवीन बाई विचारत विचारत जाईल. “विचारायला लाज वाटते,” तुम्ही म्हणालात. “तुला नाय वाटत. तुझं सोड.” हे मला जरा लागलं, पण खोटं नव्हतं.

पुढच्या वर्षी संस्थेच्या चिटणिसांनी फर्मान काढलं की प्रत्येक शिक्षिकेने आपली कोर्स आउटलाइन फायलीला लावावी. मी कशाला डोकं चालवते? तुमचा कागद घेतला, तुमच्या विषयाच्या जागी माझे विषय घातले, बाकी मक्षिकास्थाने मक्षिका. चिटणिसांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “माधुरीबाई, चैत्रात तुम्ही दोन दिवस नाही असं लिहिलंय. ‘गावची जत्रा’. तुमची जत्रा कुठली हो?” मी जुन्या पनवेलच्या बाजारपेठेत वाढलेली, माझी कसली जत्रा. मी म्हटलं, आहे एक सासरकडची. बाहेर तुम्ही दारात उभ्या होतात, ऐकलं होतंत सगळं. त्या वर्षी चैत्रात तुम्ही मला खरोखर जत्रेला घेऊन गेलात, तुमच्या जावांमध्ये बसवून तांदळाची भाकरी वाढलीत आणि सगळ्यांना सांगितलंत, “हिचीबी जत्रा हाय, कागदावर लिवलंय.” मी त्या दिवशी पोट दुखेपर्यंत हसले होते.

पण खरं भांडण होतं रिकाम्या आठवड्याचं. तुमच्या कागदावर जानेवारीत, साधारण तिसऱ्या आठवड्यासमोर, लिहिलेलं असायचं, ‘या आठवड्यात नवीन काही नाही.’ बस्स. मला ते बघवायचं नाही. आधीच आपल्याला दिवस पुरत नाहीत, त्यात हा आख्खा आठवडा मोकळा. मी दरवर्षी त्याच्यावर डोळा ठेवायची. मला द्या, मी खेळावरचं प्रकरण पूर्ण करते. तुम्ही दरवर्षी नाही म्हणायचात. शेवटी एकदा मी म्हटलं, “ताई, हे आळशीपणाचं लक्षण आहे.” एका मिठागरवाल्याच्या मुलीला मी आळशी म्हटलं. तुम्ही डबा बंद केलात आणि उठून गेलात.

दोन दिवसांनी तुम्हीच सांगितलंत. डबा खाताना, सुकटीच्या वासाने मी नाक मुरडते ते दिसत असूनही डबा माझ्या बाजूला सरकवून. तुम्ही शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होतात तेव्हा ऐन मिठाच्या दिवसांत वडील आजारी पडले. मिठागराच्या कोंडीतलं, म्हणजे वाफ्यातलं, मीठ ओढायला माणूस नाही, म्हणून तुम्ही महिनाभर घरी राहिलात. परत गेलात तेव्हा वर्ग कुठल्या कुठे पुढे गेलेला. बाईंना विचारलंत, तर बाई म्हणाल्या, तुझं तू बघ. मैत्रिणींनी वह्या दिल्या नाहीत, कारण परीक्षा जवळ आली होती. “काय बुडालंय तेच मला ठाव नव्हतं, मादुरी. बुडालेलं कळलं असतं तर भरून काढलं असतं. आंधळ्यासारखी परीक्षेला बसले.” तुम्ही नापास झालात. वर्ष गेलं, गावात बोलणी खाल्लीत, पुढच्या वर्षी परत बसलात. “मंग ठरवलं. जी वर्गात बसलेली हाय तिला कागद नसला तरी चालंल. कागद लागतो जी नाय आली तिला. आन् बुडालेलं भरून काढायला तो मोकळा आठवडा.” त्यानंतर मी त्या आठवड्यावर हक्क सांगणं सोडलं. पटलं म्हणून नव्हे, तुमचा मान राखायला म्हणून. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, आज बोलते.

तरी मी वाद सोडला नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे. तो खेकडा आठवतो? एका मुलाने बालवाडीत डब्यातून जिवंत खेकडा आणला होता. तेव्हा शिकाऊ बाईचा पाठ होता ‘रंगांची ओळख’. रंग गेले बाजूला. सगळी मुलं खेकड्याभोवती, त्याचे पाय किती, तो तिरपाच का चालतो, त्याला झोप येते का. इतका सुंदर तास मी त्या खोलीत दुसरा पाहिला नाही. मी तावातावाने तुमच्याकडे आले. म्हटलं, हा घ्या पुरावा, तुमच्या कागदावर खेकडा होता का? तुम्ही शांतपणे म्हणालात, “खेकडा आला तर खेकडाच शिकवायचा. कोण नको बोल्लं? पण ज्या बाया आज आल्या नायत त्यांना उद्या सांगायचं, काल खेकडा झाला, रंग परवा. कागद बदलायला ना नाय. न सांगता बदलायला ना हाय.” मी म्हटलं होतं, बघू. पुढे तुमचं ते वाक्य माझ्या चांगलंच अंगाशी आलं.

मग ती दिवाळी झाली आणि तुमच्या पोटातली गाठ निघाली. इस्पितळात मी भेटायला आले तेव्हा तुम्ही तब्येतीबद्दल अवाक्षर काढू दिलं नाहीत. उशाखालून कागद काढलात. “पुढचं तू घे. हाय तसं कर. बावीसच्या बावीस परीक्षेला बसल्या पायजेत.” तुम्हाला माहीत होतं की ही तुमची शेवटची तुकडी. मलाही माहीत होतं. दोघींनी एकमेकींना कळू दिलं नाही.

खोटं नाही सांगत, मला वाटलं होतं आता माझी त्रेधातिरपीट उडणार. तुमचा विषय मी उभ्या आयुष्यात शिकवला नव्हता. पण सोमवारी वर्गात गेले, कागद उघडला, आणि सगळं तिथे होतं. आज गोष्ट सांगण्याची पद्धत, ही उदाहरणं, अमकीचा पाठ, तमकीने बाहुली आणायची आहे. मी विचारायच्या आधी बायकांनीच वह्या उघडलेल्या. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जावं आणि मीठ-मसाला हाताशी लागावा तसं झालं. आठवडाभरात मला कळलं की इतकी वर्षं मी तुमच्या ज्या कागदाला गळ्यातलं दावं म्हणत होते, त्याच्या भरवशावर मी आता रात्री निवांत झोपते आहे. हे मी तेव्हाच तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं. पण हरलेल्या वादाची कबुली द्यायला मी कधी घाई केली आहे?

आणि अशी गाडी रुळावर असताना मला दुर्बुद्धी सुचली. चिटणीस म्हणाले, जानेवारीत कोणी पाहुणे येणार आहेत, आपल्या वर्गाचं काहीतरी दाखवायला हवं. मी म्हटलं, प्रदर्शन करू. शैक्षणिक साहित्याचं. बोटावरच्या बाहुल्या, थर्माकोलची झाडं, चित्रांच्या पट्ट्या. तयारीला वेळ कुठला? तर तो रिकामा आठवडा होता ना. तुम्ही नव्हतात नाही म्हणायला. मी वर्गात सांगितलं, या आठवड्यात प्रदर्शन. हजर होत्या त्या एकवीस जणींना सांगितलं. बाविसावी नव्हती.

बाविसावी म्हणजे जयवंती. उरणची, कोळ्याघरची सून, वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी. डिसेंबरात तिची सासू घसरून पडली, पाय मोडला, आणि मासळी विकायला बाजारात बसायचं काम जयवंतीवर आलं. महिनाभर ती आली नाही. पंधरा पाठ पुरे झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि तिचे दहाच झाले होते. पण तिच्याकडे तुमचा कागद होता. रकान्यात लिहिलं होतं, बुडालेले पाठ रिकाम्या आठवड्यात घ्यावेत. म्हणून तिने सासूसाठी शेजारीण ठरवली, पाचही पाठांची तयारी केली, चित्रं काढली, आणि त्या सोमवारी पिशवी भरून पहिल्या एसटीने आली. आली तर वर्गात जमिनीवर थर्माकोल, खळीचे डबे, आणि खालच्या बालवाडीला प्रदर्शनासाठी आठवडाभर सुट्टी दिलेली. मी तिला बघून म्हटलं, “बरं झालं आलीस, तू मासे काप.” कागदाचे मासे. ती दिवसभर कागदाचे मासे कापत बसली, संध्याकाळी पिशवी उचलून गेली, आणि परत आली नाही. माझ्या लक्षातही आलं नाही, ताई. मी पाहुण्यांच्या चहाचं बघत होते.

त्याच शनिवारी इस्पितळात तुम्हाला भेटायला आले. प्रदर्शनाचे फोटो पर्समध्ये होते, पण दाखवायचा धीर होईना. तुम्ही विचारलंत, “रिकामा आठवडा ठेवलास ना?”

“ठेवला ना,” मी म्हटलं.

“जयवंती आली?”

“आली.”

ते खरंच होतं, ती आली होती. तुम्ही डोळे मिटलेत, म्हणालात, “बरं झालं बाय.” तुमचा जीव भांड्यात पडला आणि मी पर्स बंद केली. मी शिक्षिका, रोज मुलांच्या खोटं बोलण्यामागची कारणं शिकवते, आणि एका आजारी बाईशी तिच्या अंथरुणाशी बसून सरळ खोटं बोलले. बसस्टॉपपर्यंत चालत जाताना मी स्वतःला समजावत होते की तुम्हाला त्रास नको म्हणून बोलले. तसं काही नव्हतं. बोलणी खायला नको होती म्हणून बोलले.

फेब्रुवारीत परीक्षेला बसणाऱ्यांची यादी करायला घेतली आणि जयवंतीच्या नावापुढे दहाचा आकडा दिसला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. दुसऱ्या दिवशी मी उरणची एसटी धरली. बाजारात ती सापडली, पुढ्यात बोंबील, डोक्याला पदर. मला बघून उठून उभी राहिली, स्वतःचा पाट पुसून मला बसायला दिला. मी विचारलं, तू सांगितलं का नाहीस मला? ती म्हणाली, “कागदावं लिवलं व्हतं ना बाय. म्हनून मी आले व्हते. मंग तुमीच बदललंत, तर मी काय बोलू?” रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. कामोठ्याला एका नव्या बालवाडीत तिला नोकरी कबूल झाली होती, प्रमाणपत्र मिळालं तर. म्हणाली, “जाऊ द्या. यमुनाबाई बऱ्या झाल्या की पुढल्या वर्षाला करीन.” मी मान खाली घालून परत आले.

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे आले आणि सगळं सांगितलं. प्रदर्शन, कागदाचे मासे, ‘ठेवला ना’. तुम्ही तेव्हा घरी आला होतात, ओटीवर खाटेवर होतात. मी पूर्ण बोलेपर्यंत ऐकलंत. मग म्हणालात, “खोटं बोल्लीस.” मी हो म्हटलं. “आठवडा घेतलास त्याचं मला कायसुदा नाय. भांडून घेतला असतास तर दिलाबी असता. त्या बाईला मी शब्द दिला व्हता. कागद म्हंजे शब्द असतो, मादुरी. ती त्या शब्दावर यष्टीत बसली.” आणि तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. मी तासभर बसून होते. भाऊंनी चहा दिला, तो गार झाला. तुम्ही काही वळला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ वर्गावर आले, सायकल लावून, धापा टाकत दोन जिने चढून. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान. त्याच्या पाठीवर तुमचं अक्षर, वेडंवाकडं झालेलं, पण रकाने सरळ. पाच ओळी. पाच पाठ, पाच तारखा, बालवाडीची वार्षिक सुट्टी लागायच्या आत. कुठला पाठ सोपा म्हणून आधी, कुठला अवघड म्हणून शेवटी, साहित्य तिच्याकडे तयार आहे तेच चालेल. आणि उजवीकडे तोच रकाना, ‘आली नाही तर’. पाचही ओळींसमोर एकच उत्तर होतं, ‘माधुरी उरणला जाईल.’ मी ते वाचलं आणि भाऊंच्या समोरच डोळ्यांना पदर लावला. भाऊ म्हणाले, “रागात हाय अजून. पण झोपली नाय, हे करत बसली व्हती.”

माधुरी उरणला गेली. एकदा नाही, दोनदा. तीन पाठ जयवंतीने आपल्या खालच्या बालवाडीत घेतले, दोन वेळा तिला निघता आलं नाही, तेव्हा तिच्या आळीतल्या अंगणवाडीत तिथल्या बाईंची परवानगी घेऊन घेतले. त्यातला एक ‘लहान-मोठे’चा. तिने आणलेली चित्रं बाजूला ठेवून शिंपले मांडले. मुलं चार वर्षांची, पण मी ज्यांना सरसकट शिंपले म्हणत होते त्यांची प्रत्येकाची वेगळी नावं त्यांना येत होती. एका मुलीने मला सुनावलं, “त्या बायला काय नाय म्हाईत.” जयवंती पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळी हसली. मी वहीत शेरा लिहिला, ‘उत्तम’, आणि सही करताना मनात तुमची परवानगी घेतली.

परीक्षा झाली. मी दर शनिवारी येत राहिले. तुम्ही बोलायला लागलात, पूर्वीसारखं नाही पण बोलायला लागलात. औषधांचं, भाऊंच्या गुडघ्याचं, गावात कोणी कोणाला जमीन विकली त्याचं. त्या गोष्टीबद्दल मात्र एक शब्द नाही. मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, तुम्ही दोनदा पाणी मागितलंत. तुमचं शरीर दर आठवड्याला थोडं कमी होत होतं. मी परत जाताना वाटेत हिशेब नको तो करायची, निकाल आधी की तुम्ही आधी. आणि त्याच्या मागे लपलेलं दुसरं भय, की जयवंती पास झाली तरी मी तुमच्या खात्यात नापासच राहणार. अशा वेळी माणूस किती आपमतलबी होतं बघा, तुम्ही मरणाच्या दारात आणि मला माझी पडली होती.

तुमच्या दहाव्याला सगळ्या आल्या होत्या, बावीसच्या बावीस. खाडीवर वारा होता, भाऊंचं उपरणं सारखं उडत होतं. पिंड ठेवला आणि मागे सरायच्या आत कावळा शिवला. तुमच्या जावा म्हणाल्या, हिचं काही राहिलंच नव्हतं. जयवंती माझ्या शेजारी होती. कामोठ्याला रुजू होऊन तिला तिसरा दिवस, अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती. एवढी गोड नवी साडी नेसून मातीत बसली होती, आणि मी तिला आवर म्हटलं नाही. नव्या तुकडीला मी कागद वाटला आहे, ताई. तुमचाच आहे असं म्हणणार नाही, या वेळी मी स्वतः बसून केला, चार दिवस लागले. काही ठिकाणी तुम्हाला पटणार नाही. मी अजूनही म्हणते की एवढं बारीक लिहायची गरज नसते, बायकांना थोडं चाचपडू द्यावं. हा वाद आपला मिटलेला नाही, आणि तो मिटला नाही याचं मला वाईट वाटत नाही.

वाईट ज्याचं वाटलं असतं ते मिटलं. निकाल लागला तो दिवस. मी कार्यालयातून निकालाचा कागद घेतला आणि रिक्षा करून थेट तुमच्याकडे आले. तुम्हाला उठवत नव्हतं. भाऊंनी उशी लावून टेकवलं. मी म्हटलं, सांगू का? तुम्ही हाताने थांबवलंत. “मी विचारते,” म्हणालात. आणि हजेरी घ्यायला लागलात. पाठ होती तुम्हाला, हजेरीपटाच्या क्रमाने. एकेक नाव घ्यायचात, दम खायचात, माझ्याकडे बघायचात. मी म्हणायची, पास. पुढचं नाव. पास. एक नाव तुम्ही दोनदा घेतलंत, मी दोनदा पास म्हटलं. भाऊ दाराशी उभे राहून मोजत होते. जयवंतीचं नाव आलं, मी कागदावर बोट ठेवलं आणि म्हटलं, पास. तुम्ही मान हलवलीत आणि पुढे गेलात. हजेरीपटातलं शेवटचं नाव झालं. मी कागदाची घडी घातली. मला वाटलं, संपलं, आता तुम्हाला आडवं करावं.

“मादुरी,” तुम्ही म्हणालात.

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तुम्ही परत म्हणालात, त्याच आवाजात, हजेरीच्या. “मादुरी.”

मी म्हटलं, “हजर.”

“हजर नाय,” तुम्ही म्हणालात. “पास बोल.”

मी बोलले.